आरसी-५२२ वर वर्गाची हजेरी: दीडशे रुपयांचा रीडर कुठवर पुरतो?

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात आरएफआयडी हजेरीचं, म्हणजे रीडरला कार्ड टेकवून हजेरी लावण्याचं, एक तरी टेबल असतंच. तिथे ते छान चालतं. तेच यंत्र ६० मुलांच्या वर्गाच्या दाराशी लावलं की आठवडाभरात कुरकुरायला लागतं आणि बोल बसतो तो रीडरला. त्या रीडरचा, म्हणजे आरसी-५२२ चा, आणि त्याच्याभोवती उभ्या केलेल्या यंत्रणेचा हा हिशेब.

बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळणारा हा निळा बोर्ड दीडशेच्या आतबाहेर पडतो. सोबत एक पांढरं कार्ड आणि थेंबाच्या आकाराची एक किल्लीची टिकली येते. फ्रिक्वेन्सी १३.५६ मेगाहर्ट्झ. पिनांची पट्टी सुटी येते, ती स्वतः सोल्डर करायची; नुसती खोचून ठेवली की तक्रारी तिथूनच सुरू. रीडरसाठी मिळणाऱ्या तयार कोडमधून (लायब्ररीतून) चिपची आवृत्ती वाचून बघा. हेक्समध्ये ९१ किंवा ९२ आलं तर उत्तम. ८८ आलं तर नक्कल, पण बहुधा चालणारी. ०० किंवा एफएफ आलं तर कोड चाळत बसू नका, सोल्डर आणि वायरी बघा.

नोडएमसीयू या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडताना रीडरची एसडीए पिन डी४ ला, आरएसटी डी३ ला, एससीके डी५, मिसो डी६, मोसी डी७. वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत. सप्लाय ३.३ व्होल्टच, ५ दिले की रीडर गेला समजा. बझर डी० वर लावला तर बोर्ड सुरू होताना ती पिन हाय असल्याने तो किंचाळतो. डी८ वर एनपीएन ट्रान्झिस्टरमधून लावा, गप्प राहतो. बोर्ड मधेच रीसेट होत असेल तर आधी चार्जरची केबल बदला. वायफाय पाठवताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि बारीक केबलवर तेवढ्यात व्होल्टेज बसतं. सप्लायला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की फरक पडतो.

पल्ला मात्र तोकडा: प्लास्टिकच्या डबीतून दोन-तीन सेंटिमीटर. कोडमध्ये अँटेनाचा गेन ३३ वरून ४८ डेसिबल करता येतो, पण त्याने फारसं काही हाती लागत नाही. लोखंडी चौकटीवर किंवा स्टीलच्या कपाटावर डबी ठोकली तर कार्ड वाचलंच जात नाही. हजेरीसाठी हा तोकडा पल्ला आम्हाला सोयीचाच वाटतो. मुद्दाम टेकवल्याशिवाय हजेरी लागत नाही.

खरी रड वायफायची. नोडएमसीयूसारखे बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, आणि ब्राउझरमध्ये लॉगिन मागणारं कॉलेजचं नेटवर्क यांच्या कामाचं नाही. त्यात प्रत्येक कार्डाला थेट गूगल शीटमध्ये नोंद पाठवून उत्तर आल्यावर बीप द्यायचा, हा बहुतेक ग्रुपचा डिझाइन. उत्तराला दोन-तीन सेकंद लागले तरी ६० मुलांची रांग जिन्यापर्यंत जाते. शिवाय गूगलची स्क्रिप्ट नोंद करते आणि उत्तरासाठी दुसऱ्या पत्त्यावर पाठवते. ते वळण कोडमध्ये हाताळलं नसेल तर बोर्ड ‘फेल’ म्हणतो, पुन्हा पाठवतो आणि शीटमध्ये एकाच मुलाच्या दोन ओळी पडतात. उपाय सोपा आहे: नोंद आधी बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत लिहायची, लगेच बीप द्यायचा आणि सगळी यादी लेक्चर सुरू झाल्यावर एकदम पाठवायची. तेच कार्ड ३० सेकंदांत पुन्हा आलं तर सोडून द्यायचं.

नोंद नंतर पाठवायची म्हणजे वेळ बोर्डालाच कळायला हवी. नेटवरून वेळ घेताना भारतीय वेळेचे साडेपाच तास, म्हणजे १९८०० सेकंद, मिळवायला विसरलात तर सकाळी साडेदहाचं लेक्चर पहाटे पाचला लागतं. वीज गेल्यावरही वेळ राहावी म्हणून डीएस-३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल घाला. त्याच्या नेहमीच्या निळ्या बोर्डावर चार्जिंग सर्किट असतं आणि सीआर-२०३२ हा सेल चार्ज करायचा नसतो. डायोडजवळचा छोटा रेझिस्टर काढून टाका, नाहीतर सेल फुगतो.

कार्डांबद्दल. सोबत येतं ते मायफेअर क्लासिक, १ केबीचं. त्याचं सुरक्षेचं कुलूप (एन्क्रिप्शन) २००८ सालीच फुटलंय आणि नंबर बदलता येणारी कोरी कार्डं सर्रास मिळतात. पण प्रॉक्सीसाठी, म्हणजे गैरहजर मित्राची हजेरी लावण्यासाठी, एवढी विद्या कोण खर्च करतो? मित्राचं कार्ड खिशात आणलं की झालं. फोनचा एनएफसी नोंदवायला जाऊ नका, तो बहुधा दर वेळी नवा नंबर देतो. पाकिटात मेट्रोचं किंवा बँकेचं कार्ड असेल तर रीडर भलतंच कार्ड उचलतो. आयकार्ड बाहेर काढूनच टेकवायला सांगा.

पर्यायही बघून ठेवा. ईएम-१८ हा १२५ किलोहर्ट्झचा रीडर जोडायला सोपा आणि पल्ला थोडा जास्त, पण त्याच्या कार्डाची नक्कल आणखी सोपी. दारातून चालत गेलं की हजेरी लावणारे, लांबून वाचणारे यूएचएफ रीडर दिसायला झकास. आपल्याकडे त्यांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि बाहेरून मागवलेला रीडर ९०२ ते ९२८ वर लावलेला असू शकतो, तो बदलून घ्यावा लागतो. शरीरातलं पाणी या लहरी गिळतं. छातीला चिकटलेला टॅग सुटतो आणि व्हरांड्यातून जाणाऱ्याची हजेरी लागते. ब्लूटूथचे सिग्नल तर भिंतीपलीकडेही जातात, त्यामुळे शेजारच्या वर्गातला मुलगाही हजर.

सगळं मिळून यंत्राला आठशे-हजार रुपये, आणि ६० कार्डांना वीस रुपयांच्या हिशेबाने बाराशे. एका खोलीसाठी घ्या. डिस्प्लेवर नावांपेक्षा मोठ्या अक्षरात आकडा दाखवा: ‘५२ हजर’. सरांनी डोकी मोजली आणि ४७ भरली, तर पाच कार्डं कुणाच्या खिशातून आली ते तिथल्या तिथे विचारता येतं. आयकार्ड घरी राहिलेल्यांची नोंद हाताने करायची सोय ठेवा, आणि ती कुणी केली हेही शीटमध्ये येऊ द्या. सत्राच्या शेवटी हजेरी कमी भरलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की पहिलं भांडण त्या ओळींवरूनच होतं.