मिरजेत मणक्यातलं स्टेरॉईड इंजेक्शन: कुणाला लागू पडतं, काय बघून घ्यावं

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढला. जतपासून पार अथणीपर्यंतचा पेशंट आजही उपचाराला मिरजेतच येतो. कंबरेत नस दबली असेल तर ‘मणक्यात इंजेक्शन घ्या, ऑपरेशन टळेल’ असं सांगितलं जातं. उपचार चांगला आहे, पण हे वाक्य अर्धंच खरं आहे.

कळ कुल्ल्यातून मांडी-पोटरीत उतरते आणि एमआरआयमध्ये त्याच बाजूची नस मणक्यांमधल्या गादीनं दाबलेली दिसते, अशाच पेशंटला याचा खरा फायदा. नुसती कंबर धरत असेल तर पैसे वाचवावेत. मणक्यातली नसांची नळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येत असतील, तरीही फार आशा धरू नये. स्टेरॉईड गादी मागं ढकलत नाही, नसेभोवतीची सूज उतरवतं. आराम मिळाला तर काही आठवडे ते तीनेक महिने टिकतो. तेवढ्या काळात व्यायाम अंगवळणी पाडायचा. म्हणून तीन इंजेक्शनचं पॅकेज आधीच घेऊ नये. पहिल्याचा गुण बघून दुसऱ्याचं ठरवावं.

दवाखाना निवडताना पहिला प्रश्न सी-आर्मचा, म्हणजे टोचतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राचा. पालथं झोपवून कातडी बधिर करतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई नेतात, आधी थोडी डाई (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडतात, मग औषध. डाई रक्तवाहिनीत पळताना दिसली तर सुईची जागा बदलता येते. अंदाजानं टोचलं तर ती संधीच मिळत नाही. दुसरा प्रश्न औषधाचा. ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोनमध्ये कण असतात. ते मज्जारज्जूच्या धमनीत गेले तर पायातली ताकद जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर भरून येत नाही. म्हणून नस मणक्यातून बाहेर पडते त्या छिद्रातून सुई घालायची असेल तर कण नसलेलं डेक्सामेथासोन बरं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, घरी मोजत राहा. त्या दिवशी पाय जड पडतो, त्यामुळं मोटारसायकल चालवत परत जायचं नाही, सोबत माणूस हवाच. पहिल्या काही तासांचा आराम भुलीच्या औषधाचा असतो. तो उतरला की कळ परत येते आणि लोक घाबरतात. स्टेरॉईडचा गुण यायला दोन ते सात दिवस लागतात.

बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं पडलं की थांबतं, ताप येतो किंवा पाय लुळा पडत चाललाय, तर लगेच डॉक्टरांना कळवा. लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर इंजेक्शनची वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जन गाठा.

स्टेरॉईडची कुपी स्वस्त असते, खर्च थिएटर, सी-आर्म आणि डॉक्टरांच्या फीचा. बिल फोडून मागा. औषधाचं नाव, मात्रा, कितव्या मणक्याशी टोचलं ते आणि डाई पसरलेला फोटोही फाईलला लावून घ्या. दुसरं इंजेक्शन किंवा ऑपरेशन ठरवायची वेळ आली तर पुढचा डॉक्टर आधी तेच मागतो.