एअर रायफलचा दस्ता: लाकडी सुधारून घ्यावा, अ‍ॅल्युमिनियमची चेसिस घ्यावी, की वाळूजला बनवून घ्यावी?

मराठवाड्यात दहा मीटर एअर रायफल शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या हातात पहिली रायफल येते ती लाकडी दस्त्याची, आणि बहुधा दुसऱ्याने वापरून झालेली. वर्ष-दीड वर्ष सराव झाला, गुण एका ठिकाणी अडकले, की रेंजवरचे सर सांगतात, "रायफल अंगाला बसत नाही." मग घरात प्रश्न उभा राहतो, की आहे तोच लाकडी दस्ता सुधारून घ्यायचा, कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची चेसिस, म्हणजे मापे बदलता येणारा धातूचा दस्ता, मागवायची, की छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमधून ती तयार करून घ्यायची. हा आढावा त्या निर्णयापाशी येऊन थांबलेल्या पालकांसाठी आणि शाळा-क्लबच्या क्रीडाशिक्षकांसाठी आहे.

कायद्याची बाजू आधी पाहून घेतलेली बरी. ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा साधारणपणे साडेसात-आठ ज्यूल असते, त्यामुळे ती या मर्यादेच्या बरीच आत राहते. येथे केवळ दस्त्याचा विचार केला आहे. नळी, झडप किंवा ट्रिगर यांना गावातल्या कारागिराचा हात लागू देऊ नये. पॉइंट टू-टूसारख्या परवान्याच्या रायफलचा प्रश्न तर पूर्णपणे निराळा आहे, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची दुरुस्ती आणि तिच्यातले बदल हे त्या कामाचा परवाना असलेल्या कारागिराचेच काम आहे. तेथे सुतार किंवा मशीन शॉप हा पर्यायच संभवत नाही.

दस्त्याला एवढे महत्त्व का, हे एका हिशोबावरून कळते. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते. नेम धरायची मागची आणि पुढची साइट यांच्यातले अंतर सुमारे ८० सेंटिमीटर धरले आणि त्या दोन साइटच्या जुळणीत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला, तर लक्ष्यावर छर्रा सव्वा मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजेच अर्धा गुण जातो. वरिष्ठ गटात सव्वा तासात ६० छर्रे मारायचे असतात. त्या साठही वेळा गाल, खांदा आणि तळहात जिथल्या तिथे परत यावेत, एवढेच दस्त्याचे काम आहे. दस्ता छर्रा सरळ करत नाही. तो माणसाला एकाच जागी आणून बसवतो. म्हणून लाकूड चांगले की धातू चांगला, हा प्रश्न दुय्यम आहे, आणि दस्ता कोणाच्या अंगाला, किती दिवस आणि किती वेळा जुळवावा लागणार आहे, हा खरा प्रश्न आहे.

लाकडी दस्त्याचे पहिले बळ म्हणजे तो हातात आहे. बट-प्लेटखाली (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखाली) स्पेसर म्हणजे जाड चकत्या घालून लांबी वाढवणे, चीक-पीस म्हणजे गाल टेकवायचा भाग थोडा वर उचलणे, ग्रिपला (मुठीच्या जागेला) बोटांच्या ठेवणीप्रमाणे आकार देणे, ही कामे लातूर, नांदेड किंवा परभणीतला फर्निचरचे बारीक काम करणारा मिस्त्री समजावून सांगितल्यास उत्तम करू शकतो. खर्च थोडा येतो आणि नेमबाजाला रायफलचा स्वभाव नव्याने शिकावा लागत नाही. गालाला लाकूड उन्हाळ्यात तापत नाही की थंडीत गार लागत नाही, हाही लहान फायदा नव्हे. मार्च ते मे या काळात आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमधल्या रेंजवर दुपारी उभे राहून पाहिले, की त्याची किंमत लक्षात येते.

मात्र लाकडाचा एक नियम विसरता येत नाही: कापलेले परत जोडता येत नाही. आठवीतल्या मुलीसाठी मागून तीन सेंटिमीटर कापलेला दस्ता ती दहावीत गेल्यावर तिलाच आखूड पडतो, आणि मग स्पेसरांची चळत रचत बसावे लागते. त्यामुळे कापण्याऐवजी भर घालून काम होत असेल, तर तेच करावे. जेथे कापणे अटळ आहे तेथे कापलेला तुकडा जपून ठेवावा, त्याचाच पुढे स्पेसर होतो. मिस्त्रीला काम देताना स्पर्धेचे नियमही सांगावे लागतात, कारण देखणे काम करण्याच्या उत्साहात तो अंगठ्यासाठी आरपार भोक पाडून देईल, आणि एअर रायफलला असे थंबहोल चालत नाही. हाताखाली धरायचा पाम-रेस्टही चालत नाही, बट-प्लेटला मागे आकडा चालत नाही. पुढच्या भागाच्या खोलीला आणि बट-प्लेटच्या मापांनाही मर्यादा आहेत. पूर्ण रायफलचे वजन साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये.

लाकडाची दुसरी अडचण हवामानाची आहे. मराठवाड्यातला उन्हाळा कोरडा असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलसर होते. लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. पाच सेंटिमीटर जाडीच्या अक्रोडाच्या दस्त्यात ओलाव्याचे प्रमाण तीन-चार टक्क्यांनी बदलले, तर जाडीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण नळी-ट्रिगरची यंत्रणा दस्त्याला जोडणाऱ्या स्क्रूला कळतो. मे महिन्यात घट्ट केलेला स्क्रू पावसाळ्यात लाकडाचे तंतू दाबून चेपतो आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की तोच सैल पडतो. अशा जुन्या दस्त्याचा स्क्रू काढून आत टॉर्च मारून पाहावे. भोकाच्या कडेला लाकूड काळपट आणि बशीसारखे खोलगट झालेले दिसले, तर सगळी जुळणी त्या खोलगट भागावर उभी आहे असे समजावे. यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. स्क्रूच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवून ती इपॉक्सीने पक्की करायची, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता नळीवर येतो. माझ्या मते जुन्या लाकडी दस्त्यावर पहिला रुपया येथे खर्च करावा, ग्रिपच्या नक्षीवर नव्हे.

कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम चेसिसचा मोठेपणा तिच्या हालचालींत आहे. लांबी, बट-प्लेटची उंची आणि कल, चीक-पीसची उंची आणि आत-बाहेर सरकणे, ग्रिपचा कोन, हे सगळे एका अ‍ॅलन कीने बदलता येते, आणि चांगल्या चेसिसवर प्रत्येक पट्टीला खुणा कोरलेल्या असतात. एकच रायफल चार मुले वापरत असतील, तर या खुणांसारखे सोयीचे काही नाही. वहीत प्रत्येकाचे आकडे लिहून ठेवायचे, पाळी आली की पाच मिनिटांत आपली मापे लावायची. शाळा आणि क्लबसाठी मी कोणताही आडपडदा न ठेवता अ‍ॅल्युमिनियमच सुचवीन, मग एकाच रायफलपुरते पैसे असले तरी हरकत नाही.

एकट्या नेमबाजाच्या बाबतीत मात्र हीच सोय उलटते. दहा छर्‍यांची एक मालिका बिघडली की मूल चीक-पीस एक खूण वर घेते, दुसरी बिघडली की बट-प्लेट फिरवते, आणि महिनाभराने मूळ जागा कोणती होती हे त्यालाही आठवत नाही. शिवाय जितके सांधे, तितके स्क्रू. जालना किंवा नांदेडहून रेल्वेने रात्रभर प्रवास करून मुंबईला वरळीच्या रेंजवर किंवा एसटीने पुण्याला बालेवाडीला पोचल्यावर पेटी उघडली, की यातला एखादा सैल झालेला असण्याची शक्यता धरूनच चालावे. स्क्रू किती घट्ट करायचा हे त्या त्या उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठी लहान टॉर्क रेंच घ्यावा, अंदाजाने पिळू नये. तापमानाने अ‍ॅल्युमिनियम लांबीला वाढते हे खरे, पण ३० सेंटिमीटरच्या तुकड्यात २५ अंशांच्या फरकाने होणारी वाढ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी असते आणि दमट हवेचा त्यावर परिणाम होत नाही. वर्षभर एकसारखे राहण्यात धातू निःसंशय पुढे आहे.

वजनाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे हलके असे धरून बारा वर्षांच्या मुलासाठी चेसिस मागवली जाते आणि जोडणी झाल्यावर रायफल लाकडीपेक्षा जड भरते, कारण पट्ट्या, सांधे आणि स्टीलचे स्क्रू यांचे वजन कोणी धरलेलेच नसते. लहान मुलाच्या कमरेवर आणि डाव्या हातावर येणारा भार हा गुणांइतकाच गंभीर विषय आहे. घेण्यापूर्वी पूर्ण जोडलेल्या रायफलचे वजन विचारावे, सुट्या चेसिसचे नव्हे.

चेसिस घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती विशिष्ट अ‍ॅक्शनसाठीच (नळी आणि ट्रिगर धरणाऱ्या रायफलच्या मूळ भागासाठीच) बनवलेली असते. वॉल्थरच्या अ‍ॅक्शनची चेसिस फाइनवर्कबाउच्या अ‍ॅक्शनला बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलांतही स्क्रूंचे अंतर बदललेले असू शकते. हवेचे सिलिंडर नसलेल्या, बाजूचा दांडा ओढून हवा भरायच्या जुन्या रायफलींच्या बाबतीत तर दांड्याला फिरायला जागा लागते आणि प्रत्येक वेळी दांडा ओढताना दस्त्यावर ताण येतो. अशा रायफलीला नवी चेसिस शोधत बसण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो, त्यांना त्यांचे लाकूडच ठेवावे.

तिसरा पर्याय मराठवाड्यातच विशेष करून सुचतो, कारण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे वाहनांच्या सुट्या भागांचे काम करणारी मशीन शॉप्स आहेत. त्यांच्या व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग) मशीनवर ६०६१ किंवा ६०८२ प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घेऊन हवा तो आकार काढता येतो. एअर रायफलला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे ताकदीची चिंता नाही, आणि स्क्रूच्या भोकांची अचूकता हे लोक रोजच्या कामात यापेक्षा कडक पाळतात. अडचण मशीनची नसून ड्रॉइंगची आहे. अ‍ॅक्शनचा तळ सपाट आहे की गोल, स्क्रूंचा पीच काय, ट्रिगरला किती जागा सोडायची, सिलिंडर कोठून जाते, हे सगळे कोणीतरी व्हर्नियरने मोजून कागदावर उतरवावे लागते. ते करणारा माणूस रायफल समजणारा नसेल, तर सुंदर पॉलिश केलेला आणि उपयोगाला न येणारा तुकडा हाती पडतो. एका नगासाठी प्रोग्रॅम आणि सेटिंगचा खर्च नगाच्या किमतीहून अधिक होतो, म्हणून दुकानदारही फारसा उत्सुक नसतो. पूर्ण चेसिस एकट्यासाठी बनवून घेणे मला परवडणारे वाटत नाही. एकाच मॉडेलच्या रायफली असलेले चार-पाच जण एकत्र आले, तर गणित बदलते.

पण पूर्ण चेसिसच बनवली पाहिजे असेही नाही. या तिन्हींच्या मधला एक मार्ग मला सर्वांत पटतो. लाकडी दस्त्याचा पुढचा भाग आणि ग्रिप आहेत तसेच ठेवायचे, स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवायच्या, आणि मागचा भाग तेवढा बदलायचा. दोन गोल दांड्यांवर पुढे-मागे सरकणारी बट-प्लेट आणि दोन खांबांवर वर-खाली होणारे चीक-पीस, एवढेच मशीन शॉपकडून करून घ्यायचे. त्याचे ड्रॉइंग सोपे असते, लहान लेथवरही बरेचसे काम होते, आणि वाढत्या मुलाला ज्या दोन गोष्टी दर सहा महिन्यांनी बदलाव्या लागतात, त्या दोन्ही हाती येतात. दांड्यांवर मिलिमीटरच्या खुणा कोरून घ्यायला विसरू नये, आणि प्रत्येक सरकत्या भागाला दोन स्क्रू ठेवावेत. एका स्क्रूवर धरलेले चीक-पीस गालाच्या दाबाने हळूहळू फिरते, आणि ते फिरले आहे हे गुण घसरल्यावर कळते. स्पर्धेतल्या तपासणीत दस्ता कोणी बनवला हे पाहिले जात नाही. मापे आणि वजन नियमात आहेत का, हे पाहिले जाते.

उंची अजून वाढत असलेल्या मुलाने, ज्याची लाकडी रायफल मुळात धड आहे, हा मधला मार्ग घ्यावा. उंची थांबली आहे, उभे राहण्याची पद्धत पक्की झाली आहे आणि राज्य पातळीच्या पुढे जायचे आहे, अशा नेमबाजाने कंपनीची चेसिस घ्यावी, आणि शक्य असेल तर चेसिससकट पूर्ण रायफलच पाहावी. आठवड्यातून दोन दिवस हौसेने येणाऱ्या प्रौढाने मिस्त्रीकडून काम करून घेऊन उरलेले पैसे छर्‍यांवर खर्च करावेत.

जुनी अ‍ॅल्युमिनियम रायफल चांगल्या भावात मिळत असेल, तर चेसिसवर भाळण्याआधी सिलिंडरवर छापलेली तारीख पाहावी. सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत आहे की नाही, ही जबाबदारी नेमबाजाची असते, आणि मुदत संपली असेल तर ते बदलून घ्यावे लागते. नव्या सिलिंडरची किंमत धरली, की स्वस्त वाटलेला सौदा बरेचदा तसा राहत नाही.

बदल कोणताही करा, त्याला वेळ द्यावा लागतो. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवा दस्ता लावू नये. स्पर्धा नसलेल्या काळात तो लावावा, पहिले पंधरा दिवस लक्ष्यावर कागद न लावता कोऱ्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभे राहण्याचा आणि डोळे उघडल्यावर साइट कोठे आहे ते तपासण्याचा सराव करावा, आणि सर बाजूला उभे असतील तरच एका वेळी एक माप बदलावे.