लिहायचं ठरलंय, पण कुठे? ब्लॉगस्पॉट, वर्डप्रेस, सबस्टॅक की फेसबुक

फेसबुकवर इतकं लिहिता, त्याचा ब्लॉग का करत नाही, असं मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. आता त्यातले काही खरंच ऐकायला लागलेत आणि पंचाईत माझी झालीय, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: करतो, पण कुठे?

मी २००६ मध्ये ब्लॉगस्पॉटवर लिहायला लागलो. तेव्हा ब्लॉगला कुणी अनुदिनी म्हणे, कुणी जालनिशी. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसावी म्हणून विंडोजची सीडी शोधून काढावी लागे, नाहीतर पानभर चौकोन. बरहा नावाच्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचं आणि ब्लॉगवर आणून चिकटवायचं. एकमेकांना ‘खो’ देऊन लेख लिहायला लावायचे. आणि रात्र रात्र जागून काय केलं म्हणाल, तर टेम्प्लेटचे रंग बदलले आणि किती जण येऊन गेले ते मोजणारा काउंटर कडेला बसवला. आज जागा निवडताना यातलं काहीही विचारात घेऊ नका. रंगरूप केव्हाही बदलता येतं. पत्ता बदलला की मात्र सगळं मुसळ केरात.

ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग ज्यावर चालतात ती ब्लॉगर ही सेवा १९९९ ची. पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने काढलेली, २००३ मध्ये गूगलने विकत घेतलेली आणि अजून चालू असलेली. हा चिवटपणा साधा नाही. लिहायला जागा देणाऱ्या अशाच इतर सेवांचं बघा: जिओसिटीज आणि याहू ३६० दोन्ही २००९ मध्ये गेले. विंडोज लाइव्ह स्पेसेस २०११ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टने निदान आपल्या लोकांना वर्डप्रेस डॉट कॉमवर सामान हलवायची सोय करून दिली होती. पोस्टरस ट्विटरने २०१२ मध्ये घेतलं आणि २०१३ मध्ये गुंडाळलं. टाइपपॅड तर २००३ पासून ग्राहकांकडून रीतसर पैसे घेत होतं, तेही सप्टेंबर २०२५ मध्ये मिटलं. तेव्हा पैसे भरतोय म्हणजे टिकेल, या भरवशावर राहू नका.

बरं, सेवा टिकली तरी पत्ता टिकतोच असं नाही. २०१२ पासून गूगल भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून आपोआप ब्लॉगस्पॉट डॉट इनवर नेऊ लागलं. लोक समोर दिसतो तोच पत्ता उचलून मेलमध्ये आणि फेसबुकवर टाकत राहिले. पुढे हे वळवणं थांबलं, आणि २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नावच गूगलच्या हातून निसटून दुसऱ्या कुणाकडे गेलं. ब्लॉग जागेवर होते, लेख जागेवर होते. फक्त लोकांनी आवडीने जपून ठेवलेले दुवे मेले.

त्याच्याही आधीचं सांगतो. जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर, सरकारने मोजकी संस्थळं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. काही दिवस आम्हाला नवा लेख लिहिता येत होता, पण स्वतःचाच ब्लॉग उघडून वाचता येत नव्हता.

म्हणून माझं पहिलं मत: कुठेही लिहा, पण डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता, स्वतःचं घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांचा खर्च. उद्या ब्लॉगर सोडून वर्डप्रेसवर गेलात तरी दारावरची पाटी तीच राहते.

आता ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेस. यात लोकांचा एक घोळ कायम होतो: वर्डप्रेस दोन आहेत. एक, वर्डप्रेस डॉट कॉम, म्हणजे त्यांच्या जागेत लिहायचं. दुसरं, तेच सॉफ्टवेअर आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवायचं. पहिल्याच्या फुकट योजनेत तुमच्या लेखांवर त्यांच्या जाहिराती दिसतात, आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे मोजावे लागतात. ब्लॉगरवर डोमेन फुकट जोडता येतं, तुम्ही लावल्याशिवाय जाहिराती येत नाहीत. त्यामुळे खिशाला हात न लावता सुरू करायचं असेल तर इथे ब्लॉगर सरळ जिंकतो.

हरतो कुठे? मराठीच्या बाबतीत एका फार चिडचिड करणाऱ्या जागी. लेखाचं शीर्षक देवनागरीत दिलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता बनवता येत नाही. मग प्रत्येक लेखाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’, आणि पुढे नुसता आकडा. माझ्या शंभरेक लेखांचे पत्ते असे आहेत, कैद्यांच्या नंबरांसारखे. उपाय सोपा आहे, मला उशिरा कळला: प्रकाशित करण्याआधी बाजूच्या पट्टीत पत्ता रोमन अक्षरांत स्वतः लिहायचा. वर्डप्रेस उलट टोकाला जातं, देवनागरी शीर्षक जसंच्या तसं पत्त्यात घेतं. ब्राउझरमध्ये छान दिसतं. तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण आतल्या लिपीत एकेका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस पत्त्याला दोनशे अक्षरांची जागा देतं, म्हणजे बाविसाव्या चिन्हाशी शीर्षक मधेच तुटतं. काना-मात्राही चिन्हंच, हे लक्षात घेतलं तर चार-पाच शब्दांत खेळ खलास. तिथेही पत्ता हातानेच द्या.

स्वतःच्या सर्व्हरवरचं वर्डप्रेस म्हणजे पूर्ण मोकळीक, आणि पूर्ण कटकटही. पहिल्या वर्षी होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, स्वस्तात देतात, दुसऱ्या वर्षी बिल पाहून डोळे पांढरे होतात. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, अद्ययावत ठेवायचे, बॅकअप घ्यायचा, औषधं आणि जुगार विकणाऱ्या प्रतिसादांचा केर काढायचा. ज्यांना संशोधनाची टिपणं, पाककृतींचा संग्रह, सूची, नकाशे असं काही रचून ठेवायचंय, त्यांनी हे जरूर करावं. आठवड्याला एक ललित लेख लिहिणाऱ्याने या भानगडीत पडू नये. मी पडलो होतो. दीड वर्ष लेख कमी आणि दुरुस्त्या जास्त, असं चाललं.

आणखी एक गोष्ट, जी विशीत सुचत नाही. माझ्याबरोबर लिहिणाऱ्यांपैकी काही जण आता नाहीत. ज्यांचं ब्लॉगस्पॉटवर होतं त्यांचे लेख आजही उघडतात, खालच्या प्रतिसादांसकट. ज्यांनी हौसेने स्वतःचं होस्टिंग घेतलं होतं, त्यांचं वर्षभरात सगळं गेलं. पुढचे पैसे भरायचे असतात हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. वर्डप्रेस डॉट कॉमने २०२३ मध्ये शंभर वर्षांची योजना काढली, किंमत ३८,००० डॉलर. तेवढ्यात गावाकडे छापील ग्रंथालय उभं राहील. आणि इथे माझ्याच सल्ल्यातली खोट सांगायला हवी: ब्लॉगरला स्वतःचं डोमेन जोडलं की जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता तिकडे वळतो. डोमेन संपलं तर वाचक दोन्हीकडून अडकतो. गूगलचंही २०२३ पासून धोरण आहे, की दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं.

फेसबुकबद्दल थोडक्यात. वाचक तिथे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या वेळी वाचक मराठी ब्लॉगविश्वच्या यादीतून यायचे, नाहीतर सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी आणून देणाऱ्या गूगल रीडरमधून. जुलै २०१३ मध्ये गूगलने रीडर बंद केलं तोवर निम्मी मंडळी फेसबुकवर गेलीच होती. पण तिथे चार वर्षांपूर्वीचा स्वतःचा लेख शोधून दाखवा! गूगलवर शोधणाऱ्यालाही तो बहुधा सापडत नाही. शिवाय ढापाढापी. ढापलेले लेख पूर्वी ईमेलमधून फिरायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘लेखक अज्ञात’ म्हणून तुमचाच लेख तुम्हाला मावशीकडून येतो. तो ब्लॉगवर तारखेसकट असेल तर निदान दुवा फेकून ‘हा माझा’ म्हणता येतं. मी स्वतः लेख ब्लॉगवर टाकतो आणि पहिले दोन परिच्छेद फेसबुकवर. पुढचे वाचायला येणारे कमी असतात, पण येतात ते प्रतिसाद लिहून जातात.

सबस्टॅक २०१७ चं. वाचकाच्या ईमेलमध्ये लेख थेट पोचतो, आणि वर्गणीदारांची यादी तुमची असते, ती उचलून दुसरीकडे नेता येते. मला ते जुन्या अनियतकालिकांसारखं वाटतं: मोजके वाचक, पण नावानिशी ठाऊक. पैसे मिळवायचा विचार असेल तर थांबा. वर्गणी स्ट्राइप या पैसे गोळा करणाऱ्या सेवेमार्फत जमा होते आणि भारतात स्ट्राइपचं नवं खातं सध्या निमंत्रणाशिवाय मिळत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींना ही अडचण नाही, त्यांनी खुशाल करून पाहावं. स्वतःचं डोमेन जोडायला तिथे एकदाच ५० डॉलर पडतात.

मग माझा कौल? बहुतेकांसाठी ब्लॉगर, स्वतःच्या डोमेनसह. माहितीचा मोठा साठा रचायचा असेल आणि घरात संगणकाचं कळणारं कुणी असेल, तर स्वतःचं वर्डप्रेस. फेसबुक फक्त दवंडीपुरतं.

जिथे जाल तिथे वर्षातून दोनदा सगळा ब्लॉग एक्सपोर्ट करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून, घरच्या डिस्कवर ठेवा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही लेखांबरोबर प्रतिसादही देतात. फोटो मात्र वेगळे सांभाळा. मी सुरुवातीचे सगळे फोटो एका फुकट सेवेवर ठेवले होते, आज त्या लेखांत नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत. जुना मजकूर हलवताना ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तपासा. तेव्हा आपण तो साधा र आणि एका अदृश्य चिन्हाने जोडून काढत होतो, आताचे कळफलक वेगळा ऱ वापरतात. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा नाही.

डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं घेता येतं. जमलं तर तेवढं भरा. नूतनीकरणाची तारीख आणि पासवर्ड कागदावर लिहून विम्याच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. घरचे ती फाइल तरी उघडतील.