ग्लॉक १९ जेन ५ : आठ महिने, दीड हजार राउंड्स

अमेरिकेत ह्यूस्टनजवळ राहतो. घराच्या संरक्षणासाठी आणि रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) मिळून एकच पिस्तूल घ्यायचं होतं, शेवटी ग्लॉक १९ घेतलं, जेन ५ म्हणजे त्याची पाचवी आवृत्ती. इथे आपल्याला पिस्तूल घेता येतं का, असं आपल्यातले बरेच जण विचारतात म्हणून आधीच सांगतो, ग्रीन कार्ड असेल तर दुकानातून घेता येतं, फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरायचा आणि बॅकग्राउंड चेक होतो, पण एच-१बी वर्क व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने सहसा नाही, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद आहेत पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यात पडू नका.

घ्यायच्या आधी रेंजवर तीन पिस्तुलं भाड्याने मारून बघितली, हे कराच. मला मनापासून आवडलं होतं ते पूर्ण स्टीलचं, किलोभर वजन, झटका एकदम मऊ. पण बायकोला त्याची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढताच येईना, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला चालवता येत नसेल तर मग ते घरासाठी कसलं? ग्लॉक दोघांच्याही हातात बसलं. ९ एमएम, १५ राउंड्सचं (गोळ्यांचं) मॅगझिन, भरलेलं असताना साधारण साडेआठशे ग्रॅम, आणि जेन ५ च्या ग्रिपवर बोटांच्या खाचा नाहीत, त्यामुळे तिचा छोटा हातही नीट पकडतो.

पहिले दोन महिने माझ्या गोळ्या सगळ्या खाली डावीकडे जायच्या. मला वाटलं साइट (नेम धरायच्या खुणा) हलल्यात, पण इन्स्ट्रक्टरने रिकाम्या पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर एक नाणं ठेवलं आणि म्हणाला ट्रिगर दाब, नाणं पडता कामा नये. दहातल्या आठ वेळा पडलं. म्हणजे मीच ट्रिगरला हिसका देत होतो. मग रोज रात्री दहा मिनिटं डमी राउंड्स (दारू नसलेल्या नकली गोळ्या) घालून सराव केला, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. आता सात यार्डांवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. दुसरी चूक पण माझीच, उजवा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर) टेकायचा म्हणून मॅगझिन संपलं तरी स्लाइड मागे अडकायची नाही.

जॅम म्हणाल तर तीनदा, तेही एका स्वस्त ब्रँडच्या गोळ्यांनी, त्या बदलल्यावर एकदाही नाही.

आता महत्त्वाचं. ग्लॉकला बाहेरून सेफ्टीचा खटका नाही, ट्रिगरमध्येच छोटी पट्टी आहे, बोट गेलं की दाबली जाते. म्हणून बोट ट्रिगरच्या बाहेर ही सवय हाडात मुरली पाहिजे. साफ करायला खोलताना पण आधी ट्रिगर दाबावा लागतो, म्हणून त्याच्या आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, करंगळी घालून बघा, आणि मगच ट्रिगर दाबा. मुलगी नऊ वर्षांची आहे, त्यामुळे पिस्तूल घ्यायच्या आधी तिजोरी घेतली, कपाटात बोल्टने घट्ट बसवली, कोड फक्त आम्हा दोघांना माहीत. बजेट कमी असेल तर पिस्तूल दोन महिने उशिरा घ्या पण तिजोरी आणि क्लासचे पैसे वाचवू नका.

आणि रेंजवर शिसं उडतं, हातावर कपड्यावर बसतं. मी बूट गॅरेजमध्येच काढतो, हात गार पाण्याने साबण लावून धुतो, शर्ट बदलतो, तोपर्यंत पोरीला जवळ येऊ देत नाही.