लँडपीकेएसची काठीपद्धत: माळावर चोख, बाभळीखाली फसवी

चराऊ रानातली किती जमीन उघडी पडली हे मोजायला काठीपद्धतीहून स्वस्त साधन नाही. एक मीटरची सरळ काठी, तिच्यावर 10, 30, 50, 70 आणि 90 सेंमीवर खुणा, आणि 25 मीटरची टेप. दोरी नको, ती ताणली जाते. लँडपीकेएस हे जमिनीच्या नोंदी ठेवायचं ॲप अमेरिकी कृषी खात्याच्या होर्नाडा संशोधन केंद्राच्या सहभागातून घडलं. काठीची रीत मात्र पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांसाठी बेतलेली, त्यामुळे कागद-पेन्सिलवरही सगळं भागतं.

मध्यबिंदूपासून चारी दिशांना 5, 10, 15, 20 आणि 25 मीटरवर काठी टाकायची. 20 वेळा 5 खुणा, म्हणजे 100 नोंदी. जितक्या खुणा उघड्या मातीवर, तितके टक्के. काठी खाली न बघता सोडावी. बघितलं की हात काटेरी झुडूप हमखास चुकवतो आणि उघडी माती फुगते.

खरी गोम झाडांत आहे. खुणेच्या वर फांदी असेल, तर खाली माती कितीही बोडकी असो, ती ‘उघडी’ धरत नाहीत. दुपारी मेंढरं बसतात ती बाभळीची सावली म्हणजे लेंड्या आणि तुडवलेली माती, पण आकड्यात ती झाकलेली! म्हणून विरळ झाडीच्या रानात दोन रकाने ठेवा: वर काय, जमिनीवर काय. वर बघताना ओळंबा धरा; तिरक्या नजरेने शेजारची फांदीही मोजली जाते. काळपट, खरबरीत पापुद्र्यावर पाणी शिंपडा. हिरवट झाला तर ते शेवाळ-दगडफूल आहे, माती धरून ठेवतं. ते उघड्या जमिनीत धरू नका.

100 खुणांचा आकडा तसा ढोबळच. 30 टक्के आले तर साधारण 21 ते 39 समजा. उघडे पट्टे सलग असतील तर चूक याहून मोठी. 30 चे 35 झाले म्हणून चराई बंद करणं घाईचं. संपूर्ण मीटरभर झाडाचा किंवा गवताचा एकही बुंधा लागला नाही अशा काठ्या वेगळ्या मोजाव्यात, कारण पाणी आणि वारा माती नेतात त्या सलग मोकळ्या पट्ट्यांतून. हा रकाना लोक सर्रास गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात कामाचा तोच.

माण-खटावसारख्या भागात दरवर्षी पावसाळा सरताना, कळप बाहेर पडण्याआधी मोजावं. एका वर्षी ऑक्टोबर, पुढच्या वर्षी मे असं केलं तर फरक ऋतूचा दिसतो, चराईचा नाही. मध्यबिंदूला लोखंडी खुंटी ठोका. लाकडी सरपणात जाते.