शॉवरखाली पाणी का तुंबते : ठाण्यातील एका ड्रेनेज तपासणी सेवेचा अनुभव

उंच इमारतीत शॉवरखाली पाणी साचू लागले की बहुतेक प्लंबर जाळी काढून तार घालतात, दोन बादल्या पाणी ओततात आणि पाणी उतरले की पैसे घेऊन निघून जातात. पुढे काही दिवसांत पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीत एका कंत्राटदाराने तर बाथरूमची संपूर्ण फरशी फोडावी लागेल, असे सांगून टाकले होते. म्हणून फोडाफोडीला परवानगी देण्याआधी केवळ तपासणी करून लेखी अहवाल देणाऱ्या ठाण्यातील एका लहान सेवेला बोलावले. त्यांचे काम मला मनापासून आवडले. काही उणिवाही जाणवल्या, त्या पुढे नोंदवल्या आहेत.

आलेल्या दोघा तंत्रज्ञांनी कोणतेही हत्यार बाहेर काढण्याआधी बरेच प्रश्न विचारले, आणि खरे निदान तिथेच निम्मे झाले. पाणी फक्त शॉवरखालीच तुंबते की बेसिनचेही सावकाश उतरते? वरच्या मजल्यावर पाणी सोडल्यावर जाळीतून गुडगुड आवाज येतो का? घरात कोणी नळ उघडलेला नसताना पाणी वर येते का? एकाच बाथरूमचे पाणी अडत असेल, तर दोष बहुधा नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात) किंवा तिथून डक्टपर्यंत, म्हणजे इमारतीचे उभे पाइप असलेल्या पोकळीपर्यंत, जाणाऱ्या आडव्या पाइपमध्ये असतो, आणि केस व साबणाचा थर हे त्याचे नेहमीचे कारण असते. आमच्याकडे मात्र सकाळच्या वेळी कोणी अंघोळ करत नसतानाही जाळीतून कपडे धुण्याच्या पावडरचा फेस वर येत असे. हे पाणी आमचे नव्हतेच. वरच्या मजल्यांवरील वॉशिंग मशीनचे पाणी उभ्या पाइपमधून खाली जाताना पुढे कुठेतरी अडत होते आणि सर्वांत जवळची मोकळी वाट म्हणून आमच्या बाथरूममध्ये शिरत होते. आमचे घर पोडियमच्या, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या, लगेच वर असल्याने हा त्रास आमच्याच वाट्याला का येतो, हेही त्यांनी नीट समजावले.

त्यानंतर त्यांनी ट्रॅपमधील पाण्याची खोली पट्टीने मोजली. ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभे राहावे लागते, कारण गटारातील वायू घरात येण्यापासून तेवढेच पाणी आपल्याला वाचवते. आमच्याकडे ते निम्म्याहून कमी होते. उभ्या पाइपमधून पाण्याचा मोठा लोंढा कोसळतो तेव्हा तो मागे हवा ओढतो. ती हवा गच्चीवर उघडणाऱ्या व्हेंट पाइपमधून मिळाली नाही, तर ट्रॅपमधले पाणी शोषले जाते. तंत्रज्ञ स्वतः गच्चीवर गेले आणि कारण तिथे डोळ्यांनी दिसले : वॉटरप्रूफिंगच्या वेळी व्हेंट पाइपचे तोंड सिमेंटने बुजवून टाकले होते. इतके दिवस दुर्गंधीवर आम्ही फिनेल ओतत होतो.

कॅमेरा त्यांनी बाथरूममधून घातला नाही, कारण ट्रॅपच्या वळणातून तो पुढे सरकत नाही. डक्टमधील डोअर बेंडचे (तपासणीसाठी झाकण असलेल्या पाइपच्या वळणाचे) झाकण उघडून केबल खाली सोडली. उभा 110 मिलिमीटरचा पाइप बराचसा स्वच्छ होता. मात्र पार्किंगच्या छताखाली जिथे तो आडवा होतो, तिथे एक क्लॅम्प निसटून पाइपला झोळ पडला होता. पडद्यावर आधी पाइपची कोरडी भिंत दिसत होती, मग कॅमेरा साचलेल्या पाण्यात बुडाला, आणि पुढे साबणाच्या पांढुरक्या थरात अडकलेला सिमेंटचा घट्ट गोळा दिसला, जो कोणाच्या तरी घराच्या नूतनीकरणात पाइपमध्ये गेला असावा. अशा ठिकाणी वरून कितीही तार घातली तरी ती तिथवर पोहोचत नाही.

या निदानाचे आर्थिक मोलही मोठे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज पाइपची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, तर स्वतःच्या बाथरूम-संडासातील गळतीचा खर्च सदस्याला करावा लागतो. अहवालात दोषाची जागा आणि छायाचित्रे स्पष्ट असल्यामुळे कार्यकारी समितीने वाद न घालता काम हाती घेतले. क्लॅम्प बसवून उतार नीट केला, जेटिंग केले (जोरदार दाबाच्या पाण्याने पाइप धुतला), व्हेंटचे तोंड मोकळे करून त्यावर काउल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, बसवला, आणि आमच्या फरशीला हातही लागला नाही. तपासणीसाठी अडीच हजार रुपये मोजावे लागले. एका खोलीची फरशी फोडण्याच्या खर्चापुढे ही रक्कम मला रास्त वाटते.

आता उणिवा. लेखी अहवाल कबूल केलेल्या दिवशी मिळाला नाही आणि त्यासाठी वारंवार फोन करावे लागले. खालच्या पार्किंगच्या छतावरील ओलावा आमच्या बाथरूममधून येतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी आमचा ट्रॅप बंद करून रंगीत पाणी साठवले, पण काही तासांतच ते सोडून दिले. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधील विटांच्या कोब्यातून पाणी झिरपायला वेळ लागतो, त्यामुळे ही चाचणी किमान रात्रभर चालायला हवी होती. तो प्रश्न अजून अनिर्णित आहे, आणि अहवालात त्याविषयी काढलेला ‘गळती नाही’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

अॅसिड आणि कॉस्टिक सोडा ओतण्याबाबत त्यांनी दिलेला इशारा मात्र प्रत्येक घराने पाळावा : कॉस्टिक पाण्यात मिसळताना तीव्र उष्णता निर्माण होते, आणि अॅसिड जर ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

तुमच्या एकाच शॉवरचे पाणी सावकाश उतरत असेल आणि आवाज किंवा फेस येत नसेल, तर या सेवेला बोलावण्याआधी जाळी काढून ट्रॅप हाताने साफ करून पाहा. एकाच उभ्या लाइनीवरील दोन-तीन घरांत तक्रार असेल, तर समितीच्या नावानेच त्यांना बोलवा आणि डक्ट, गच्ची व पार्किंग या तिन्ही जागांच्या किल्ल्या आधीच मागवून ठेवा, कारण आमच्याकडे गच्चीची किल्ली शोधण्यातच बराच वेळ गेला.