पाकिटावर झिंक, आत भलतंच

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर ड्रममध्ये लिंबू, मिरच्या, टोमॅटो लावणारे आम्ही पाच-सहा जण. लिंबाची नवी पानं बारीक यायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. बागकामाच्या एका प्रदर्शनात स्टॉलवाल्याने मोबाईलमधला फोटो बघून लगेच सांगितलं, "ताई, झिंक कमी पडतंय." निदान बरोबर होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. माणूस जाणकार निघाला की पाकीट उलटून कोण वाचतं?

झिंक सल्फेट म्हणून त्याने पाव किलो पांढरे खडे दिले. फरक पडेना म्हणून फोन केला तर म्हणे, "डोस वाढवा, अजून दोन पाकिटं पाठवतो." पाठवलीही, पैसे आधी घेऊन. डोस वाढला तशा पानांच्या कडा करपल्या.

जुन्नरहून मामा आले होते. त्यांनी खडे बोटांत चोळून बघितले आणि विचारलं, "डीएपी आहे का गं?" डीएपी म्हणजे नेहमीचं दाणेदार रासायनिक खत. ते पाण्यात विरघळवून वरचं निवळ पाणी ग्लासात घेतलं आणि त्यात या खड्यांचं पाणी ओतलं. झिंक असतं तर नासलेल्या दुधासारखा दाट साका आला असता. आमचा ग्लास तसाच राहिला. "मॅग्नेशियम सल्फेट दिसतंय. दिसायला तेच, पण स्वस्त. गावाकडेही हाच उद्योग चालतो," मामा म्हणाले. नेमकं काय ते प्रयोगशाळाच सांगेल, पण झिंक नव्हतं एवढं कळलं.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि अन्नद्रव्याचं टक्क्यांत प्रमाण हवं. साध्या खडेदार झिंक सल्फेटमध्ये किमान २१ टक्के झिंक लागतं. आमच्या पाकिटावर काय होतं? '१०० टक्के शुद्ध, ऑरगॅनिक'. झिंक सल्फेट हे रसायन, आणि म्हणे ऑरगॅनिक! बिल मागितलं तर "प्रदर्शनात कुठलं बिल, ताई?"

आता तोच माणूस ठाण्याकडच्या प्रदर्शनांत 'सूक्ष्म अन्नद्रव्य मिक्स', म्हणजे झिंकसारख्या झाडाला थोड्याच लागणाऱ्या अन्नद्रव्यांचं मिश्रण विकतोय, नव्या नावाने. महाराष्ट्रात या मिश्रणांच्या ग्रेड ठरलेल्या आहेत: जमिनीतून द्यायची ग्रेड १, फवारणीची ग्रेड २. भेटला तर आधी ग्रेड विचारा, मग पक्कं बिल मागा.